यादीबाहेरचे परबकाका

मंगळवार, १ जून १९९३, सकाळचे आठ. भाईंदर पश्चिमेच्या पंपहाऊसवर हजर : दोन पंपचालक, नवा वॉचमन सावंत आणि यादी सांभाळणारी मी. फाटकाबाहेर उन्हात : परबकाका. आदल्या संध्याकाळपर्यंत इथले वॉचमन, आता निवृत्त.

"या ना काका आत!"

"यादीत माझं नाव नाय. कसा येऊ?"

आत कुणी यायचं ही यादी माझी, ती पाळायचं वेड काकांचं. बारा वर्षांत मी त्यांना खुर्चीत टेकलेलं पाहिलं नाही. फाटक, टाकीची शिडी, क्लोरीनची खोली, परत फाटक. प्रत्येक कुलूप तीनदा ओढून बघायचे.

एकदा मोठे साहेब पास विसरून आले. काकांनी त्यांना अडवलं.

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो साहेब. पण ओळखीवर फाटक उघडायचं, तर भाजी मार्केट अख्खं ओळखीचं आहे माझ्या."

साहेब रिक्षाने घरी जाऊन पास घेऊन आले.

काकू डबा आणायच्या, तर त्यांचीही रजिस्टरात सही.

"अहो, डबा आहे, बाँब नाही!"

"भाजी कसली ते पण लिही. गाव पाणी पितं इथलं. उद्या वास आला तर विचारू कुणाला?"

आम्ही हसायचो. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. डबा थांबला, काकांच्या फेऱ्या वाढल्या.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी अकरा किल्ल्या माझ्या टेबलावर मांडल्या. "बाई, माझ्या नावावर रेघ मारा. माझ्यासमोर. सोडून गेलेल्याचं नाव यादीत राहिलं, तर कुलपं लावता कशाला?"

मी पट्टी धरून रेघ मारली.

आणि आज हे. सावंत फाटक उघडायला धावला. "काका, तुमचंच आहे हो सगळं!"

"असा कुणालाही आत घेतोस? रजिस्टर आण!"

सावंतने रजिस्टर आणलं. काकांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वेळ घातली. 'काम' या रकान्यापाशी पेन थांबलं. आत दुसरा पंप सुरू झाला. काका मान कलती करून त्याचा आवाज ऐकत राहिले. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"बाई, तुम्हीच लिहा कायतरी. मला काम सुचत नाय."

मलाही सुचेना. कामाशिवाय आत नाही, हा नियम त्यांचाच. सावंतने चहा बाहेर नेऊन दिला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला.

तो रकाना मी अजून भरलेला नाही.