अर्ध्या ओळीचं पारायण

ज्या कवितेचा अर्थ लागतो तिच्यावर संशोधन करता येत नाही, हे विद्येच्या क्षेत्रातलं पहिलं सत्य आहे. अर्थ लागलेली कविता म्हणजे घासून पालथं घातलेलं भांडं. ते पुन्हा घासण्यात कुणाचंच कल्याण नसतं. म्हणून जाणत्या लोकांनी फार विचारपूर्वक अशा कविता निवडल्या, ज्यांची भाषा आता कुणी बोलत नाही, ज्यांचा कवी हरकत घ्यायला हयात नाही आणि ज्या शक्य तितक्या ठिकाणी तुटलेल्या आहेत. लॅटिन महाकाव्यं या तिन्ही कसोट्यांना उतरतात.

परभणी जिल्ह्यात लॅटिन वाचता येणाऱ्यांची संख्या शून्य आहे. (ती पूर्वीही शून्यच होती, म्हणजे घट झालेली नाही.) लॅटिन महाकाव्यावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांची संख्या मात्र शून्यावरून एकावर गेली. ही वाढ इतकी मोठी आहे की ती टक्क्यांत मांडता येत नाही.

ते एक म्हणजे आदिनाथराव. सेलूच्या एका महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवत आणि सहयोगी प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी राजेश्रीबाई रोज वाती वळत, तुळशीला पाणी घालत आणि नवऱ्याच्या प्रत्येक पदासाठी काही ना काही सोडत. पीएच.डी.साठी त्यांनी वांगं सोडलं. सहयोगी प्राध्यापकपदासाठी गूळ सोडला. आता पूर्ण प्राध्यापकपद उरलं होतं आणि सोडण्यासारखं घरात फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी श्रावणात पोथीचं पारायण धरलं. नियम साधे होते. एक वेळ जेवायचं. पूर्वेकडे तोंड करून बसायचं. एकदा वाचायला बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, ओवी अर्ध्यावर तोडायची नाही. तुटली तर पहिल्या अध्यायापासून पुन्हा.

आदिनाथरावांच्या संशोधनाचेही नियम होते. त्यांनी निवडलेलं लॅटिन महाकाव्य इंग्रजीतून वाचलं होतं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या प्रतीला मधोमध वाळवी लागल्यामुळे त्या भागाचं त्यांचं आकलन अधिक मोकळं झालं होतं. मुळात काय आहे हे जुन्या टीकाकारांनी सांगून संपवलं, आता मुळात काय नाही ते सांगायचं, ही आधुनिक पद्धत. जे आहे ते मोजकंच असतं. जे नाही ते अपार असतं, आणि त्यात पुढच्या कित्येक पिढ्यांच्या नोकऱ्या सुरक्षित आहेत. संदर्भ देण्याची रीत तर बायकांना समजावूनच सांगावी लागत नाही, ती हळदीकुंकवासारखी आहे. ज्यांनी आपल्याला बोलावलं त्यांना आपण बोलवायचं. कोण काय बोललं याला महत्त्व नाही, कोण राहून गेलं याला आहे.

त्या महाकाव्याच्या सातव्या सर्गात एक म्हातारा सेनापती नदीपाशी येतो, घोड्यावरून उतरतो आणि... तिथं ओळ अर्ध्यात तुटते. पुढच्या ओळीत सैन्य पलीकडे पोचलेलं असतं. सेनापतीनं उतरून काय केलं, यावर जगभर मोठं काम झालेलं आहे. एका पक्षाचं म्हणणं, तो रडला. दुसऱ्या पक्षाच्या मते तो गप्प राहिला आणि ही साम्राज्याची अपराधी शांतता आहे. तिसरा पक्ष हल्लीचा. तो सेनापतीला सोडून देऊन घोड्याच्या बाजूनं विचार करतो. आदिनाथरावांच्या आईंनी, दगडाबाईंनी, हा सगळा वाद जेवताना एकदा ऐकून घेतला होता.

"आरं, येवढ्या लांबून घोड्यावर बसून आलेलं म्हातारं माणूस कशाला उतरतंय?" त्या म्हणाल्या. "त्यात इचार करण्यासारखं काय हाय?"

(हे मत निबंधात घेता आलं नाही. त्याला पूर्वी कुणी दुजोरा दिल्याचा संदर्भ मिळाला नाही.)

आदिनाथरावांचा स्वतःचा शोध असा लागला. एका दुपारी ते त्याच अर्ध्या ओळीवर एक लांब वाक्य लिहीत होते. वाक्य निम्म्यात असताना आतून राजेश्रीबाईंनी हाक मारली, "अहो, वरण निवायलंय." ते उठले, जेवले, थोडे आडवे झाले. परत येऊन बघतात तो वाक्याचा उरलेला भाग डोक्यातून गेलेला. पुष्कळ डोकं खाजवलं, पण आला नाही. एखाद्याला वाईट वाटलं असतं. आदिनाथरावांना साक्षात्कार झाला. रोममध्येही वरण निवत असणार! कवीला घरातून हाक आली, तो उठला आणि ओळ राहिली. दोन हजार वर्षं विद्वान ज्या अर्ध्या ओळीत साम्राज्य शोधत होते, तिथं स्वयंपाकघर होतं. या सिद्धान्ताचं त्यांनी 'गृहव्यत्ययवाद' असं बारसं केलं, आणि तो पदोन्नतीच्या छाननी समितीकडे गेला.

समितीला सिद्धान्त आवडला. पण हल्लीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक सिद्धान्ताला क्षेत्रीय पुरावा लागतो. रोमच्या कवीचं घर पाहणं समितीच्या अधिकारात बसत नव्हतं. तेव्हा सिद्धान्तकर्त्याच्याच घरी जावं आणि घरातल्या हाकेमुळे चालू काव्य प्रत्यक्ष तुटताना पाहावं, असं ठरलं. आदिनाथरावांच्या घरात रोज मोठ्यानं काव्य वाचणारं माणूस एकच होतं. समितीला सोयीचा दिवस होता श्रावणातला शेवटचा गुरुवार, सकाळची वेळ. त्याच सकाळी पारायणाची समाप्ती होती.

"एकच ओवी," आदिनाथराव आदल्या संध्याकाळी म्हणाले. "मी हाक मारतो. तू निम्म्यात थांब, 'ओ' दे, आणि मग वाच की पुढं. पोथीला काय कळतंय?"

"पोथीला नाही, मला कळतं," राजेश्रीबाई हळूच म्हणाल्या. "तुटली तर पहिल्यापासून घ्यावी लागते. आणि आता श्रावण कुठं उरलाय?"

"अगं, पारायण कशासाठी धरलंस?"

"तुमच्या पदासाठी."

"आणि पद कशानं मिळणार? तू थांबलीस की. म्हणजे पारायण मोडलं की पारायणाचं फळ मिळतं. यात कुठं चूक असेल तर दाखव."

राजेश्रीबाईंनी बराच वेळ चूक शोधली. ती सापडली नाही, म्हणून त्यांना फारच अस्वस्थ वाटलं. दगडाबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना शोधायचं कारण नव्हतं.

"तुहा हिशोब तुह्यापाशी ठेव," त्या मुलाला म्हणाल्या. "पोरीनं महिनाभर एक टाइम खाल्लंय. तू तेवढ्यात दोनदा गावजेवण जेवून आलास."

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष डॉ. सत्यशीला मॅडम छत्रपती संभाजीनगरहून आल्या होत्या. त्यांनी चौथा पक्ष स्थापन केलेला होता (नदीचा). सोबत पंडित सर होते. ते बोलत नसत, नोंदवत. दोघांनी चपला दाराबाहेर काढल्या, पोथीला नमस्कार केला, प्रसादाचा शिरा 'पुराव्यानंतर' म्हणून बाजूला ठेवला आणि पेनं काढून बसले. राजेश्रीबाई चौरंगासमोर बसल्या. समई लावली. शेवटचा अध्याय सुरू झाला.

व्यत्यय सौम्यापासून तीव्राकडे जातील, असं ठरलेलं होतं. त्याप्रमाणे आदिनाथराव आधी खोकले. मग त्यांनी स्वतःच्याच फोनवरून घरातला दुसरा फोन वाजवला. मग "अगं, माझा चष्मा कुठंय?" असं विचारलं. हा प्रश्न त्या घरात अतिशय परिणामकारक समजला जाई. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. राजेश्रीबाईंची नजर एकदाच तिथवर गेली आणि ओळीवर परत आली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. पंडित सरांनी तिन्ही नोंदवल्या. ओव्या एकामागून एक चालल्या होत्या, जात्यातून पीठ पडावं तशा.

आदिनाथरावांच्या कपाळावर घाम आला. राजेश्रीबाईंना तो दिसत नव्हता, पण ठाऊक होता. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठल्या शांततेला घाम येतो हे कळतं. आपण थांबलो तर यांचं भलं होईल, आणि न थांबलो तर आपण ज्यासाठी बसलो तेच हातचं जाईल, हे त्या ओवी म्हणता म्हणता मनातल्या मनात घोळवत होत्या. देवाला अशा वेळी काय हवं असतं, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. त्यांनी सगळ्या वाचल्या होत्या.

शेवटच्या थोड्याच ओव्या उरल्या असताना भिंतीपलीकडून शेजारच्या कडूबाईंचा आवाज आला.

"राजेश्री! नळ आलाय गं! पळ लौकर!"

हा व्यत्यय आदिनाथरावांनी ठरवलेला नव्हता. गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई, तेही कधी येईल याचा नेम नसे, आणि आलं की अर्ध्या तासात जाई. गल्लीभर बादल्यांचा खडखडाट सुरू झाला. घरातला हौद तळाला गेला होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे पाच सवाष्णी जेवायला. पुरण शिजायचं होतं, तांदूळ धुवायचे होते, त्यांचे पाय धुवायचे होते. राजेश्रीबाई ओवीच्या मध्यावर आल्या होत्या. त्यांनी श्वास घेतला.

सत्यशीला मॅडम पुढे सरकल्या. पंडित सरांचं पेन कागदाला टेकलं. आदिनाथरावांनी डोळे मिटून हात जोडले. पोथीला की नळाला, हे सांगता येणार नाही.

राजेश्रीबाईंनी ओवी पुरी केली. मग पुढची घेतली.

अंगणात नळाचं पाणी फरशीवर धबाधबा पडत होतं. दगडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. "म्या लावते पाइप."

"आजी, बसा," पंडित सर त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले. "तुम्ही उठलात तर पुरावा हलेल."

"मंग पुराव्यातच पुरण शिजवू का?" दगडाबाई म्हणाल्या. पण पाहुणे माणूस, म्हणून बसल्या.

आदिनाथरावही अर्धे उठले होते. संशोधकानं स्वतःच्या प्रयोगात हात घालू नये हे आठवून तेही बसले. याप्रमाणे दोन पीएच.डी.धारक आणि एक नोंदी घेणारे असे तिघे जण, सहा धडधाकट हातांनिशी, पाणी वाहून जाण्याचा आवाज अतिशय बारकाईनं ऐकत राहिले. मॅडमनी 'प्रवाह' असा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. अध्याय संपला, राजेश्रीबाईंनी पोथीवर डोकं टेकलं, आणि जवळपास त्याच वेळी नळानं दोनदा फुसफुस केली आणि तो गेला.

आदिनाथरावांचा चेहरा पाहवत नव्हता. राजेश्रीबाईंनी त्याकडे पाहिलंही नाही. शिऱ्याच्या वाट्या पुढे केल्या.

मॅडमनी शिऱ्याचा घास घेतला. "असाधारण," त्या म्हणाल्या.

"त्यात गूळ आहे, साखर नाही," राजेश्रीबाई संकोचून म्हणाल्या.

"शिरा नाही हो, पुरावा! आदिनाथ सर, तुमच्या लक्षात आलं का? हाक आली, आणि या उठल्याच नाहीत. व्यत्यय इतका आतवर मुरलाय की त्याला आता बाईला उठवायचीही गरज पडत नाही. तुटलेली ओळ तर कुणालाही दाखवता येते. तुम्ही न तुटलेल्या ओळीतली तूट दाखवलीत!"

आदिनाथरावांच्या हे लक्षात आलं नव्हतं. पण ते म्हणाले, "माझा रोख तिकडेच होता."

राजेश्रीबाई उठल्या असत्या तरी सिद्धान्त सिद्ध झाला असता, हे उघडच आहे. उत्तम सिद्धान्ताचं लक्षणच ते. व्रताचंही थोडं तसंच असतं. फळ मिळालं की व्रताचा महिमा, आणि न मिळालं की आपल्याच करण्यात काही उणं राहिलं. त्यामुळे दिवाळीच्या आत आदिनाथरावांना प्राध्यापकपद मिळालं तेव्हा, ते कशामुळे मिळालं यावर घरात दोन पक्ष झाले आणि दोन्ही समाधानी राहिले. गूळ मात्र राजेश्रीबाईंनी नंतरही खाल्ला नाही. कुलगुरूपदाची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी दुपारी समिती गेल्यावर राजेश्रीबाई कळशी घेऊन कडूबाईंच्या दारी उभ्या राहिल्या.

"तुमच्याच घरात येवढी मानसं बसली व्हती की," कडूबाई कळशी भरता भरता म्हणाल्या. "एकालाबी पाइप लावता आला न्हाई?"

"ते वाचन ऐकत होते," राजेश्रीबाई म्हणाल्या.

"काय समजलं त्यायला?"

"सगळं," राजेश्रीबाई म्हणाल्या, आणि कळशी कमरेवर घेतली. सवाष्णींचा स्वयंपाक मागून आणलेल्या पाण्यावर झाला. कुणाला चवीत फरक कळला नाही.

फळ सांगितल्याशिवाय वाचन पुरं होत नाही, म्हणून तेवढं सांगते. ज्यांनी हे सगळं शांतपणे, एका बैठकीत, मध्ये न उठता वाचलं, आणि वाचता वाचता नळाचा अर्थ काय, प्रवाह कशाचा, न तुटलेली ओळ म्हणजे नेमकं काय, असा सूक्ष्म विचार केला, त्यांच्या विद्येला उणं पडणार नाही. कुठल्याही समितीवर त्यांना जागा मिळेल. आता फक्त पुस्तक मिटा, आत जा, आणि तुम्ही वाचत बसला होतात तेवढ्या वेळात तुमच्या घरचं पाणी कुणी भरलं, ते विचारून या.