चिमटीतले दिवस

वलवणचे धोंडीभाऊ रामराम घालत नसत. समोर येत, तुमच्या पोटाला चिमटा घेत आणि सांगत, “बावीस दिवस.” म्हणजे अन्नाचा कण मिळाला नाही तर तुम्ही एवढे दिवस जगाल. मग घरची चौकशी. बायकांना तेवढी माफी होती.

पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर परमुलखात गेले आणि कित्येक महिने वेढ्यात अडकले, एवढंच गावाला ठाऊक. लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्या शेटजींना त्यांनी दोन महिने दिले, तर शेटजी इतके खूश झाले की चिक्कीचा पुडा घरपोच आला! तालमीतल्या गड्यांची मात्र पंचाईत. जोर-बैठका काढून दगड झालेलं पोट ह्यांच्या चिमटीत येईच ना. “नुसती ताकद हाय, साठा कुटं हाय?” असं पुटपुटत ते निघून जात, आणि पैलवान दातओठ खात.

मी शाळेचा मास्तर, अंगानं काडी. मला त्यांनी बारा दिवस दिले आणि स्वतःच घाबरले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दारात म्हशीच्या दुधाचा तांब्या, वर लोण्याचा गोळा. मला अगदी नकोसं झालं. निम्मं दूध मी गुपचूप मांजराला पाजायचो. तरी वर्षभरात सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली.

अशात मला विषमज्वर झाला. वैद्यबुवांनी लंघन सांगितलं. उकळलेलं पाणी, फार तर दोन घोट मुगाचं कढण. धोंडीभाऊ रोज येत, चिमटा घेत आणि आकडा न सांगता ओट्यावर बसून राहत. बाराव्या दिवशी त्यांनी दोनदा चिमटा घेऊन पाहिला. तेविसाव्या दिवशी ताप उतरला, आणि तेव्हाही त्यांच्या चिमटीत थोडंसं काही आलं.

मी तर थक्कच झालो. बारा दिवसांचा माणूस तेवीस दिवस काढून बसला होता, तो ह्यांच्या दुधावर. ही विद्या कुठं शिकलात, मी विचारलं.

तेव्हा राणूचं नाव पहिल्यांदा निघालं. आंदर मावळातला त्यांचा मैतर, पलटणीतला एक नंबरचा पैलवान. वेढ्यात दाणे संपत आले तेव्हा सगळे म्हणत, राणू शेवटपर्यंत टिकणार. तोच आधी गेला. सुटलेल्या पोटापायी ज्यांची चेष्टा व्हायची, ते धोंडीभाऊ मागं उरले.

“भाकर निम्मी निम्मी खाल्ली, मास्तर,” ते म्हणाले. “अंगावरचं तेवढं वाटता आलं न्हाई.”

त्यानंतर आमच्या मांजराला दूध मिळालं नाही.