जळका पाव, हमूर आणि आमचे फ्रेंच साहेब

परदेशात पहिली काही वर्षं माणूस आपल्या गावचं जेवण शोधतो. पगार वाढला की साहेबाच्या गावचं. मी या दुसऱ्या टप्प्यावर पोचलो तेव्हा आमच्या दोह्याच्या ऑफिसात नवे फ्रेंच साहेब आले होते, आणि माझं काँट्रॅक्ट वाढवायचं की मला नाशिकला परत पाठवायचं, हे त्यांच्या हातात होतं.

मी देवव्रत, एका बांधकाम कंपनीत सेफ्टी मॅनेजर. शिडी कशी चढावी, आग लागल्यावर न धावता बाहेर कसं पडावं, हे मी लोकांना शिकवतो. (स्वतः मी लिफ्टने जातो.) अल थुमामातल्या आमच्या इमारतीचा फायर वॉर्डनही मीच. निवड बिनविरोध झाली, कारण त्या सभेला मी एकटाच गेलो होतो.

साहेबांना शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. "हमूर मासा तळते, सोलकढी करते, वरणभात आहेच," माझी बायको विभावरी म्हणाली. पण साहेबांना त्यांचीच संस्कृती दाखवावी, असं मी ठरवलं. इंटरनेटवर सातशे वर्षांपूर्वीची एक फ्रेंच कृती सापडली. मासा निखाऱ्यावर भाजावा. पाव कोळशासारखा काळा होईस्तो जाळावा, सिरक्यात भिजवावा, सुंठ, दालचिनी, लवंगेबरोबर वाटावा आणि तो रस्सा माशावर ओतावा. कच्च्या द्राक्षांचा रसही हवा होता. तो इराण्याच्या दुकानात मिळाला. (नाशिककराने आंबट द्राक्षांसाठी खिशात हात घालण्याची ही पहिलीच वेळ असावी.) वाइनऐवजी डाळिंबाचा रस, निखाऱ्यांऐवजी इलेक्ट्रिक शेगडी. बाकी सगळं अस्सल मध्ययुगीन.

काम सुरू करण्यापूर्वी मी घरच्यांना पाव जाळण्यातले संभाव्य धोके समजावून सांगितले. "बाबा, इट्स जस्ट टोस्ट," आमची ईश्वरी म्हणाली आणि खोलीत निघून गेली. विभावरी मात्र शॉवर कॅप घेऊन स्टुलावर चढू लागली.

"हे काय?"

"डिटेक्टरला टोपी. फोडणीच्या आधी रोज घालते."

"रोज? सेफ्टी मॅनेजरच्या घरात?"

"तू ऑफिसात असतोस. वरच्या जुलियानाने शिकवलं. सगळेच घालतात."

धूर ओळखणारं यंत्र झाकणं हा गुन्हा कसा आहे, यावर मी थोडं बोललो. तिने टोपी मुकाट्याने न्हाणीघरात नेऊन ठेवली.

पाव कृतीप्रमाणे काळा झाला. इमारतीचा भोंगा नियमाप्रमाणे वाजला.

बाहेर पडताना सोबत काहीही घेऊ नये, असं मी प्रत्येक भाषणात सांगतो. मी मासा घेतला.

ऑगस्टच्या उन्हात अख्खी इमारत फुटपाथवर उभी राहिली. कुणाच्या हातात पासपोर्ट होते, कुणाच्या लॅपटॉप. जुलियानाचा नवरा जेरोम टीव्हीचा रिमोट घेऊन आला होता. मी वॉर्डन या नात्याने माशाचं पातेलं काखोटीला मारून माणसं मोजत होतो.

"कुणाच्या घरातून वाजलं?" जेरोमने विचारलं.

"तपास चालू आहे," मी म्हणालो. माझ्या शर्टाला जळक्या पावाचा वास येत होता. विभावरी दुसरीकडे बघत होती.

नेमके तेव्हाच साहेब फुलं घेऊन टॅक्सीतून उतरले. मी झाकण काढलं आणि हा त्यांच्याच देशातला सातशे वर्षांपूर्वीचा पदार्थ असल्याचं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ आत पाहिलं.

"मी कधी ऐकलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "खाणारे बहुधा प्लेगात गेले असतील."

अग्निशमन दलाने घरन्‌घर तपासलं. आग कुठेच नव्हती. टोप्या मात्र सगळीकडे होत्या: शॉवर कॅप, फॉइल, एका घरात तर बाळाचं लोकरी टोपडं. शुक्रवारची सुट्टी असल्याने घरोघर फोडण्या चालल्या होत्या. उघडा डिटेक्टर तेवढा आमचा.

साहेबांनी तो मासा एक घास खाल्ला आणि वरणभात तीनदा घेतला. संध्याकाळी इमारतीच्या मालकाची सगळ्यांना तंबी आली. जेरोम अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही. काँट्रॅक्ट मात्र वाढलं. "घरीही नियम पाळणारा माणूस," असं साहेब मीटिंगमध्ये सर्वांसमोर म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. वर करायची हिंमत नव्हती.

हल्ली फोडणीच्या वेळी विभावरी स्टुलावर चढते तेव्हा मी स्टूल धरतो. (पडण्याचा धोका असतो.)

तुम्ही हसत असाल. हसून झालं की आपल्या पुण्या-नाशकातल्या स्वयंपाकघरात जाऊन छताकडे पाहा. तिथे टोपी दिसणार नाही. टोपी घालायला आधी डिटेक्टर असावा लागतो.