कांबळे काकूंचं फराळाशी वैर

खराडीतल्या आमच्या सोसायटीत दिवाळीचं ताट फराळासकट परत पाठवणारं घर एकच. लाडू-चकल्या जशाच्या तशा, आणि वर एक अख्खा मुळा, पाल्यासकट. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने दारातच विचारलं, "हे काय?"

"आहार," असं उत्तर आलं आणि दार लागलं.

त्या कांबळे काकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, अंगाने छडीसारख्या. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची पोटं बघून त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी पहाटे फिरायला जायचा गट काढला. काढला म्हणजे आमच्या दारांच्या बेल वाजवल्या. "खाली या. चपला नकोत, बूट," एवढंच निमंत्रण.

वर्षभर आम्ही निमूट चालायचो. दसरा आला की काकूंचा पारा चढायला लागायचा. ऑफिसात मिठाईचे खोके, मग घरचा फराळ, मग नाताळचा केक. "सण आहे म्हणून यकृताला सुट्टी असते का हो, देशमुख?" हा त्यांचा ठरलेला सवाल. एकदा माझ्या शर्टावर चिवड्यातली कढीपत्त्याची काडी सापडली. "आपण झाडाखाली झोपला होतात वाटतं," असं म्हणून त्यांनी मला त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालवलं.

पण खरा संताप असायचा तो दिवाळीच्या खाड्यांचा. गटातले निम्मे गावाला जायचे, उरलेले अभ्यंगस्नान करून पुन्हा आडवे व्हायचे. एका वर्षी पाडव्याला मीही झोपून राहिलो. बेल वाजली. बायकोने सांगितलं, दमलेत. "दमणारच," काकू म्हणाल्या, "शंकरपाळे चावायचे म्हणजे अंगमेहनत आहे."

मला राग आला. सणासुदीलाही माणसाला सोडायचं नाही म्हणजे काय? भाऊबीजेलाही जाणार नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

भाऊबीजेच्या सकाळी दूध घेऊन परतलो तर काकू फाटकाशी उभ्या. बूट, कानटोपी, सगळा सरंजाम. बाकी कोणी नाही. वॉचमन हळूच म्हणाला, "कोणी येणार नाही म्हटलं, तरी थांबल्यात."

मी दुधाच्या पिशव्या त्याच्याकडे ठेवल्या आणि काकूंबरोबर निघालो. पायात चपला होत्या. काकूंनी त्या पाहिल्या. आणि तशाच चालायला लागल्या.

"बहीण आली असेल ना तुमची?" थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं.

"कालच आली. झोपलीय अजून."

"मी भाऊबीजेला ड्यूटी मागून घ्यायचे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बायकांना घरी जायचं असायचं. मला कुठे जायचं होतं? आणि त्या दिवशी ट्रंककॉलला नुसती झुंबड. सोलापूरचा भाऊ, नाशिकची बहीण. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम. मी जरा उशिरा बाजूला व्हायचे."

"काय बोलायचे ते?"

"काय बोलणार? काय काय केलंस, लाडू बसले का, अनारसे हसले का. खाण्याचंच सगळं." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "मग मशिनं आली. लोक आपापले नंबर फिरवायला लागले. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन. चांगलंच झालं म्हणा. पण सणाचे चार दिवस फार लांबतात हो. तुम्ही सगळे घरांत शिरता आणि..."

फेरी संपून आम्ही फाटकाशी आलो.

"जा, बहीण उठली असेल," त्या म्हणाल्या.

"अजून एक फेरी मारू," मी म्हणालो. "रात्री फार खाणं झालंय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा चालायला लागल्या.

"चिवड्यातले दाणे तळले होते की भाजले?"

"तळले होते."

"वाटलंच मला." मग जरा वेळाने म्हणाल्या, "बरं, करंज्यांचं सांगा."