प्रिंटरमधले मोठे साहेब

नकाशांच्या ऑफिसातलं जुनं नेटवर्क मुख्य कार्यालयाच्या नव्या नेटवर्कला जोडायचं काम जेवणाच्या सुट्टीआधी आटोपेल, असं तंत्रज्ञ मुलीने सांगितलं होतं. अडचण एकच होती. दोन्हीकडच्या संगणकांचे प्रोटोकॉल वेगळे, म्हणजे बोलायच्या भाषाच वेगळ्या. मुख्य कार्यालयाने सहा वर्षांपूर्वी भाषा बदलली, तेव्हापासून इकडचं तिकडे कळत नव्हतं आणि तिकडचं इकडे पोचत नव्हतं. आता दोघांच्या मध्ये एक काळा डबा बसणार होता. त्याने दुभाष्याचं काम करायचं होतं.

"ताई, यात काही जाणार तर नाही ना?" हेडक्लार्कनी तिसऱ्यांदा विचारलं.

"जाणार काही नाही, काका. झालं तर येईलच."

तिने मेन स्विच बंद केला. पंखे थांबले. एरवी ऐकू न येणारं भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. तिने डबा जोडला, स्विच चालू केला, आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरने, कोणी काही सांगितलेलं नसताना, घशात काही अडकल्यासारखा आवाज करून एक कागद बाहेर टाकला.

टाइपिस्टबाईंनी तो वाचला. "बाई, खिडकी लावून घ्या. नकाशे उडतील. आज्ञा नव्हे, विनंती."

खिडकी उघडी होती आणि टेबलावरचे दोन नकाशे खरोखरच फडफडत होते. बाईंनी आधी खिडकी लावली, मग किंचाळल्या.

"आज्ञा नव्हे, विनंती" हे मोठ्या साहेबांचं वाक्य होतं. प्रत्येक चिठ्ठीखाली ते हेच लिहायचे. आणि मोठे साहेब वारून सहा वर्षं झाली होती.

आवाज ऐकून केबिनमधून नवे साहेब बाहेर आले. "कोण मस्करी करतंय?"

उत्तर प्रिंटरने दिलं. "माझ्या खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतोय. बसणाऱ्याने जपून बसावं."

नवे साहेब त्या खुर्चीवरून गेल्याच आठवड्यात पडले होते. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"घाबरू नका," तंत्रज्ञ मुलगी पडद्यावर बघत म्हणाली. "शेवटच्या महिन्यात तुमचे मोठे साहेब कुठे होते?"

"मुख्य कार्यालयात," बाई म्हणाल्या. "तिथूनच निरोप धाडायचे. तिकडेच गेले बिचारे."

"मग झालं तर. भाषा बदलली त्याच महिन्यात. त्यांचे निरोप पोचलेच नाहीत, रांगेत पडून राहिले. आज वाट मिळाली, म्हणून निघाले. डबा त्यांच्यावर आजची तारीख टाकतोय, एवढंच."

सगळ्यांना पटलं. पटूनही कोणी प्रिंटरच्या जवळ गेलं नाही. तिसरा कागद निघाला तो बराच वेळ तसाच लोंबत राहिला. शेवटी बाईंनी लांबूनच मान वाकडी करून वर लिहिलेलं वाचलं.

"भाऊसाहेब, तुमच्या नावाचा आहे."

हेडक्लार्क उठले, पण प्रिंटरपाशी जाऊन थबकले. त्यांची बायको तेव्हाही आणि आताही दुसऱ्या गावीच शाळेत शिकवत होती. तिकडे बदली मागून ते थकले होते. मोठ्या साहेबांनी अर्ज दाबून ठेवला असं धरून त्यांनी शेवटचा महिनाभर साहेबांशी अबोला धरला होता. शोकसभेलासुद्धा पोट दुखतंय म्हणून गेले नव्हते.

त्यांनी कागद ओढला. सरकारी नमुन्यातला आदेश होता, खाली मोठ्या साहेबांची सही आणि शेरा. "बदली मंजूर केली आहे. उद्यापासून रुजू व्हा. फुगून बसू नका. वहिनींना नमस्कार सांगा."

ते खाली बसले.

"मला वाटलं..." एवढंच म्हणून त्यांनी चष्मा काढला.

तेवढ्यात फोन वाजला. आदेशाची प्रत डब्याने इमानेइतबारे मुख्य कार्यालयालाही पाठवली होती. फोन नव्या साहेबांनी घेतला.

"हो, आदेश इथूनच आला... नाही, मी नाही काढला. आधीच्या साहेबांनी... त्यांना फोन देता येणार नाही. ते वारले... सहा वर्षं झाली... हो, तारीख आजची आहे. सही? सहीपण त्यांचीच आहे."

पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग साहेबांनी रिसीव्हर हळूच ठेवला. "ते म्हणतात, आदेश नमुन्यात आहे, सही जुळतेय, तारीख चालू आहे. काढणारा हयात असावा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. भाऊसाहेब, उद्या रुजू व्हा."

हेडक्लार्कनी बायकोला फोन लावला. "अगं, बदली झाली. मोठ्या साहेबांनी केली... हो, तेच... तुला नमस्कार सांगितलाय." पलीकडे काहीतरी खाली पडलं. "हॅलो? अगं, आहेस का?"

तंत्रज्ञ मुलगी पिशवी आवरू लागली. "रांग संपली. आता काही येणार नाही."

नवे साहेब घुटमळत तिच्याजवळ आले. इकडेतिकडे बघून आवाज खाली करत म्हणाले, "एक विचारायचं होतं. हा डबा... उलटाही चालतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथून त्यांना निरोप जाईल का? सीमेच्या नकाशांच्या कपाटाची किल्ली सहा वर्षं कोणालाच सापडत नाहीये."

ती हसली. साहेब हसले नाहीत. हेडक्लार्कही हसले नाहीत.

टाइपिस्टबाई मात्र उठल्या, आणि त्यांनी प्रिंटरमध्ये कोरे कागद भरून ठेवले.