पेनिनाचं दार

पेनिनाला फक्त तीन मिनिटं हवी होती. तेवढ्यात बघणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवून दाखवते, असं तिने तासी काकूला सांगितलं होतं, दुकानदाराला सांगितलं होतं, बसच्या ड्रायव्हरला सांगितलं होतं आणि रविवारी चर्चबाहेर जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. ऑकलंडला दोन महिने सिनेमाचं शिक्षण घेऊन ती सव्हाई बेटावरच्या आपल्या गावी परतली होती. ऑकलंडच्या सिनेमावाल्या मंडळींनी गुन्हेगारी सिनेमाचा फक्त पहिला प्रसंग मागवला होता. शुक्रवारपर्यंत पाठवायचा. पसंत पडला तर पुढच्या सिनेमाला ते मदत करणार होते.

प्रसंग तिच्या डोक्यात पक्का होता. ओसाड रस्ता. बसमधून एक अनोळखी माणूस उतरतो. चेहरा दिसत नाही, फक्त पावलं. तो एका घराशी थांबतो. आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय. दाराची मूठ हळूहळू फिरते. बस्स! पुढचं पुढे बघू.

खुनी म्हणून तिने, ज्यांच्या घरी ती राहायची त्या उआती काकांना घेतलं. काका अंगाने दांडगे होते, गावातलं दुसरं कुणी सोमवारी सकाळी मोकळं नव्हतं, आणि काळा कोट फक्त त्यांच्याकडे होता. ते चर्चमध्ये सेवक होते, त्यामुळे खून पडद्याबाहेर होईल एवढं वचन त्यांनी आधी घेतलं.

काका बसमधून उतरले. दहा पावलं चालले नाहीत तोच समोरच्या घरातून हाक आली, की एवढ्या उन्हात कोट घालून कुठे, या, जेवून जा. काकांनी हात जोडून नको म्हटलं. पुढच्या घरातूनही तीच हाक आली. तिसऱ्या घरी नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून खुनी आत जाऊन माशाचा रस्सा आणि तारोचे उकडलेले कंद खाऊन आला. पेनिनाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला काकांनी कुणाकडे बघितलं नाही, तेव्हा उआती आजारी आहे अशी बातमी पसरली आणि चौघीजणी लिंबाची पानं घेऊन मागून चालू लागल्या.

मग तिने कॅमेरा जमिनीला टेकवला. खालून बघितलं की माणूस डोंगराएवढा दिसतो, भीती वाटते, हे तिला शिकवलं होतं. पण कॅमेरा खाली गेल्यावर काकांनी कमरेला लुंगीसारखं गुंडाळलेलं लवालवा जे दोन्ही हातांनी घट्ट धरलं ते सोडायलाच तयार नव्हते. पडद्यावर खुनी नाही, पोट बिघडलेला माणूस घाईघाईने घराकडे निघालेला दिसत होता.

पेनिना हरणाऱ्यातली नव्हती. माणूस दाखवायचाच नाही, असं तिने ठरवलं. फक्त दार दाखवायचं, बाकी कानांवर सोपवायचं.

अडचण एवढीच होती, की तिच्या घराला दार नव्हतं. तिच्याच काय, शेजारच्या सात घरांनाही नव्हतं. गोल खांब, वर छप्पर, आणि पाऊस आला तर खाली सोडायचे नारळाच्या झावळ्यांचे पडदे. मंगळवारी तिने शाळेच्या अडगळीतून एक जुनं दार चौकटीसकट मागून आणलं आणि रस्त्याकडच्या दोन खांबांमध्ये ठोकून बसवलं. दोन्ही बाजूंनी कोंबड्या बिनदिक्कत ये-जा करत होत्या, पण कॅमेऱ्याला फक्त दार दिसत होतं. मूठ फिरवली की असं कुरकुरायचं, की पेनिनाच्याच अंगावर काटा आला. तिने त्याला तेल घालायला सगळ्यांना बंदी केली.

गावात मात्र चर्चा सुरू झाली. उआतीच्या घराला दार कशाला? काय लपवतात? कुणाशी बिनसलं? दोन म्हाताऱ्या मुद्दाम येऊन दारातून आत आल्या आणि बाजूने बाहेर पडल्या. तासी काकूला ते फार लागलं. तिने पेनिनाला बजावलं, की उद्या संध्याकाळपर्यंत हे लाकूड हललं नाही, तर मीच ते चुलीत घालेन.

राहिला बुधवार. आणि तिला हवी होती शांतता. गावात ती दिवसातून एकदाच मिळायची. दिवेलागणीला टांगलेली रिकामी गॅसची टाकी बडवली, की प्रत्येक घर प्रार्थनेला बसे आणि रस्त्यावर चिटपाखरू नसे. त्या वेळात कुणी हिंडलं, तर गावपंचायत अख्ख्या घराला जाब विचारी. म्हणून पेनिनाने नियम न मोडता काम करायचं ठरवलं. सगळे पडदे खाली सोडले, कॅमेरा आतून दारावर रोखून चालू केला, आणि स्वतः प्रार्थनेला बसली. काकांचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, म्हणून आजच्या दिवस मनातल्या मनात गा, देवाला तेवढंही ऐकू येतं, असं तिने त्यांना विनवलं. काकांना ते पटलं नाही, पण पोरीच्या तोंडाकडे बघून त्यांनी मान हलवली.

टाकी वाजली. गावभर स्तोत्रं सुरू झाली, हळूहळू विरली. या घरातून एक सूर निघाला नाही.

आणि रस्त्यावर पाऊल वाजलं.

फरफट... टक्. फरफट... टक्. कुणीतरी पाय ओढत, काठी टेकत येत होतं. या वेळी रस्त्यावर कुणी असूच शकत नव्हतं. काकूने काकांचा हात धरला. पावलं दाराशी थांबली. खालच्या फटीत सावली पसरली. पेनिनाचं हृदय इतकं धडधडायला लागलं, की तोही आवाज कॅमेऱ्यात जाईल अशी तिला काळजी वाटली. पण ती उठली नाही. मूठ फिरली, कुरकुरली, थांबली, पुन्हा फिरली. दार उघडलं आणि एक प्रचंड आकृती उजेड अडवून उभी राहिली.

"कोण गेलं?" आकृतीने विचारलं.

ते लेपालेआ होते, गावाचे मुख्य. प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर नजर ठेवायचा मान त्यांचा, पण एरवी ते ती आपल्या घरात बसूनच ठेवत. उआतीच्या घराला दार लागलं, पडदे पडले आणि आता गाणंही थांबलं, म्हणजे घरात माणूस दगावलं, अशी त्यांची खात्री झाली होती. दुखरा गुडघा ओढत ते सांत्वनाला आले होते.

पेनिनाने सगळा गुन्हा स्वतःवर घेतला. काकांची चर्चमधली सेवा जाणार या भीतीने काकू रडायला लागली. लेपालेआंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निवाडा दिला: दार आत्ता काढायचं आणि राहिलेली दोन स्तोत्रं मोठ्याने म्हणायची. काकांनी ती अशी म्हटली, की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठली. मग लेपालेआंनी, केलंय काय ते तरी दाखव, म्हणून कॅमेरा मागितला. स्वतःला तीन वेळा बघितलं आणि यातलं काही कापू नकोस, म्हणाले.

तीन आठवड्यांनी ऑकलंडहून पत्र आलं. प्रसंग पसंत पडला होता. खुन्याच्या पावलांतला थंड क्रूरपणा त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, आणि 'कोण गेलं?' या दोन शब्दांनी तर त्यांची झोप उडाली होती. याच नटाला घेऊन पूर्ण कथा लवकर लिहून पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं.

पेनिना पत्र घेऊन लेपालेआंकडे गेली. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि चटईवर सरळ बसले.

"मला कुणाला मारायचंय?"

"बँकेच्या साहेबाला."

"ते जमायचं नाही. माझ्या पदवीला शोभत नाही."

"मग तुम्ही मरा. खुनी दुसरा शोधते."

"मी मेलो तर पाच गावांना जेवण घालावं लागेल. तुझ्या काकांना झेपेल का?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी लेपालेआंनी आपल्याला काय काय करता येईल ते सांगितलं: चालत येणं, दार उघडणं, घरातल्यांची चौकशी करणं आणि आग्रह झालाच तर जेवणं.

पेनिनाने मुकाट्याने वही उघडली, पेन चाटून ओलं केलं आणि ठाम अक्षरात लिहिलं: 'प्रसंग दुसरा. खुनी चौकशी करून जेवायला बसतो.'