आधी बदला!

"ह्याच्या नाकासमोर हत्ती उभा केला, तरी हा सोंडेचे ठसे शोधत फिरेल," आई म्हणायची. लहानपणी कानावर पडलेल्या त्या कौतुकामुळेच मी गुप्तहेर झालो. नजर घारीची, चाल मांजराची, बुद्धी... तिचा तपास चालू आहे.

ताई घरी शिवणकाम करते. तिची कातर सारखी हरवायची, म्हणून शिवणाच्या खोलीत इंटरनेटवर चालणारा कॅमेरा मीच ठोकला. परवा दुपारी शेजारच्या नर्सबाई ताईनं शिवलेला नवा झगा घालून बघत होत्या. खोलीत त्या आणि ताई, तिसरं कुणी नाही. तेवढ्यात पुरुषी आवाज आला, "डावी बाही घट्ट होतेय हो!"

नर्सबाई गळ्यातल्या टेपसकट पळाल्या. संध्याकाळपर्यंत चौघी जणी आपापलं कापड परत घेऊन गेल्या. पाखरं उडावीत आणि फांदी उगाच हलत राहावी, तसं मशीनचं चाक जरा फिरलं नि थांबलं.

"मशीन बोललं," मी निष्कर्ष काढला. "आजवर नुसतं कुरकुरत होतं."

"त्याला तेल घाल आणि तू गप्प बस," ताई म्हणाली.

मग पोटातून आवाज काढतो म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्यावर संशय घेतला. सर्दीमुळे बिचाऱ्याचा तोंडातूनही निघत नव्हता.

शेवटी कपाटाखाली कागदाचा फाटका तुकडा सापडला : 'आधी बदला! नाहीतर कुणीही पाहील.'

"धमकी! ताई, कुणीतरी सूड उगवतंय. आठव, कुणाचे कपडे बिघडवलेस?"

"तुझाच सदरा."

मी स्वतःची कसून चौकशी केली. संशयितानं उडवाउडवीची उत्तरं दिली.

इतक्यात टेप परत द्यायला नर्सबाई आल्या. त्यांनी तुकडा वाचला, कपाटावर पडलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यात हात घातला आणि उरलेला अर्धा कागद काढून जोडला : 'कारखान्यातून आलेला पासवर्ड'.

"अहो गुप्तहेर, बदला म्हणजे सूड नव्हे, बदलून टाका! काय ठेवलात?"

"आला तसाच. एक-दोन-तीन-चार. लक्षात ठेवायला सोपा."

"सगळ्या जगाला! कुठलातरी रिकामटेकडा तुमच्या कॅमेऱ्यातून बघत बसला होता. हा त्यातल्या स्पीकरवरून बोलला म्हणून कळलं. न बोलणारे किती असतील?"

मी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

"आधी तो कॅमेरा काढा," त्या म्हणाल्या. "मग त्या चौघींना मी समजावते."

मी स्टुलावर चढून वायर उपटली. "ताई, पासवर्ड बदलतो आणि परत..."

"लावू नकोस."

ताई माझ्याकडे न बघता बोलत होती. "मला तो पहिल्या दिवसापासून नको होता. दोन महिने शिवताना मी एक ओळ गुणगुणले नाही. तू एवढ्या हौसेनं लावलास, म्हणून बोलले नाही."